सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग: ‘परिभाषित’ चालेल का?

अर्धविराम: डिप्लोमाच्या पुस्तकाचं भाषांतर करतेय. ‘सॉफ्टवेअर-परिभाषित जाळेबांधणी’ लिहिलं, तर संपादकांनी लाल रेघ मारली: ‘हे हिंदी झालं.’ मग काय लिहू?

तारवाला: रेघ बरोबरच आहे. हिंदीतली परिभाषा म्हणजे आपली व्याख्या. मराठीत परिभाषा म्हणजे एखाद्या शास्त्राचे ठरीव शब्द. पण इथे कुणी कशाची व्याख्याही करत नाही हो. पूर्वी पाकीट, म्हणजे डेटाचं पॅकेट, कुठल्या वाटेने धाडायचं ते प्रत्येक राउटर आपलं आपण ठरवायचा. आता ठरवणं कंट्रोलर नावाच्या वेगळ्या सॉफ्टवेअरकडे, स्विचने फक्त हातातला तक्ता बघून पाकीट पुढे ढकलायचं. रात्रभर एकेका स्विचवर लॉगिन करून तीच व्हीलॅन (जाळ्याचा आभासी विभाग) टाकत बसलोय मी, त्यामुळे फरक कळतो. ‘सॉफ्टवेअर-नियंत्रित’ लिहा.

भाषेचा हमाल: जुन्या राउटरात काय भुसा होता? सॉफ्टवेअरच ना! मूळ नावच ढिलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ओपनफ्लोवर, म्हणजे कंट्रोलरने स्विचशी बोलायच्या नियमांवर, २००९ साली एका अमेरिकी मासिकात लेख आला, तिथे ते पडलं. त्याला वेदवाक्य कशाला मानायचं? ‘केंद्रनियंत्रित’ म्हणा.

तारवाला: केंद्र म्हटलं की लोकांना दिल्ली आठवते. शिवाय कंट्रोलर एकच असतो असंही नाही.

उंबरठा: ‘परिभाषित’ला इतक्यात हाकलू नका. आमचे संस्कृतचे सर घोकून घ्यायचे: ‘अनियमे नियमकारिणी परिभाषा’. जिथे नियम नाही तिथे नियम घालून देते ती परिभाषा. तक्त्यात न बसणारं पाकीट आलं तर स्विच काय करतो?

तारवाला: बऱ्याचदा कंट्रोलरला विचारतो. तो नवा नियम धाडतो.

उंबरठा: मग झालं की! हिंदीच्या आधीपासूनचा शब्द आहे, आणि चपखल.

भाषेचा हमाल: पाणिनीला स्विच विकताय! पोरांना एसटी स्टँडवरचा कंट्रोलर दाखवा. गाडी कुठल्या फलाटाला लावायची ते केबिनमधून तो सांगतो, ड्रायव्हर लावतो. त्याचं मराठी नाव वाहतूक नियंत्रक, पण आजवर त्या नावाने हाक मारलेली कुणी ऐकलीय?

उंबरठा: आमच्या स्टँडवर ‘मास्तर’ म्हणायचे.

भाषेचा हमाल: मास्तर रेल्वेचा!

उंबरठा: आमच्याकडे रेल्वे नव्हती, साहेब.

तारवाला: ‘पाकीट’वर कुणीच हरकत घेतली नाही? मी हरकतीची वाट बघत होतो.

भाषेचा हमाल: पाकीट मारलं जातं, धाडलं जात नाही. पुडकं म्हणा.

अर्धविराम: संपादकांचा आत्ताच फोन आला. ‘जाळेबांधणी’वरही रेघ आहे.