छोटी शिडाची बोट घेताना स्थैर्याचा कुठला आकडा बघायचा?

पोर्ट्समथकर

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं पोर्ट्समथला राहतो. डे स्किपरचा (छोटी बोट दिवसा चालवायचा) कोर्स झालाय आणि आता स्वतःची छोटी क्रूझिंग बोट घ्यायचं चाललंय. बेत फार मोठे नाहीत. सोलंटमध्ये, म्हणजे इथल्या समोरच्या सामुद्रधुनीत फिरायचं, उन्हाळ्यात वेमथपर्यंत जायचं, आणि पुढेमागे हवा चांगली बघून एकदा चॅनेल ओलांडून फ्रान्सचं शेरबूर गाठायचं.

दोन बोटी डोक्यात आहेत. पहिली वेस्टर्ली सेंटॉर, १९७० च्या दशकातली, २६ फुटी, खाली दोन कील (तळाखालची पाती). रुंदी ८ फूट ५ इंच, वजन ६,७०० पौंड. दुसरी तेवढ्याच लांबीची पण बरीच नवी. कील वर उचलता येते, मागचा भाग चांगला ऐसपैस, आत शिरलं की फ्लॅटमध्ये आल्यासारखं वाटतं. हिची रुंदी साडेनऊ फूट आणि वजन ४,४०० पौंड. सीई पाटीवर (युरोपीय सुरक्षा-नियमांची पाटी) गट 'सी'.

दोन्ही चालवून बघितल्या. फोर्स ५ च्या वाऱ्यात सेंटॉर लगेच कलली आणि मग तशीच कललेली राहिली. दुसरी मात्र टेबलासारखी सपाट. एका झोताला मात्र ती एकदम आडवी व्हायला लागली, सुकाणू हातात असून नसल्यासारखं झालं आणि बोट स्वतःच वाऱ्यात वळली. बायकोने तिथेच विचारलं, "ही उलटली तर?" ब्रोकर म्हणाला, "कीलबोटी उलटत नाहीत." मला ते काही पटलं नाही.

नेटवर बॅलास्ट रेशो, कॅप्साइझ स्क्रीनिंग, एव्हीएस, स्टिक्स (स्थैर्याचा एकत्रित निर्देशांक) असे ढीगभर आकडे आहेत. यातलं नक्की काय बघायचं?

मालवणी_मेट

वहिनींनी विचारलंय ते बरोबर. फक्त त्यात दोन प्रश्न आहेत. बोट कशाने उलटेल, आणि उलटली तर परत उठेल का? तुमच्या ब्रोकरने दोन्हींचं उत्तर एका वाक्यात उरकलं.

मी मर्चंट नेव्हीत मेट होतो, आता गॉस्पोर्टला असतो, धक्क्यावर माझीही एक जुनी बोट आहे. जहाजावर आमचा सगळा हिशोब जीएमचा, म्हणजे सरळ उभ्या जहाजाचा पहिल्या काही अंशांतला ताठपणा. शिडाच्या बोटीत त्या आकड्यावरून चहा सांडेल की नाही एवढंच कळतं.

आधी वारा. बोट जसजशी कलते तसतसं शीड वाऱ्याखालून निसटत जातं, आणि खालच्या कीलचं वजन बाजूला सरकून तिला जास्त जोराने मागे खेचतं. म्हणून बरी कील असलेली बोट नुसत्या वाऱ्याने पालथी होणं अवघड. फार तर झोपेल, शिडं पाण्याला टेकतील आणि उठेल. सेंटॉर लगेच कलून तिथेच टेकून राहिली, ती हीच गोष्ट. तिच्या दोन कील बिडाच्या आहेत आणि सगळं वजन खाली आहे.

दुसरीचा ताठपणा येतो रुंदीतून. आमच्याकडे कोकणात उलांडीची होडी असते ना, तिचंही तेच. लाकूड बाजूला लांब असतं तोवर होडी हलत नाही, पण ते उचललं जाऊन डोक्याकडे आलं की मागे ओढणारं फारसं काही उरत नाही. रुंद, हलकी बोट १५-२० अंशांपर्यंत मस्त ताठ असते, पुढे तिची ताकद भराभर उतरते. आणि मागचा रुंद भाग कलताना वर उठला की सुकाणूचं पातं पाण्याबाहेर येतं. तुम्हाला हातात काही नसल्यासारखं वाटलं ते त्यामुळेच. याने बोट पालथी होत नाही, पण रीफ (शीड लहान करणं) लवकर मारायला हवा होता हे कळतं.

आता आकडे. कॅप्साइझ स्क्रीनिंगचं सूत्र १९७९ च्या फास्टनेट शर्यतीनंतर अमेरिकेत निघालं. त्या शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळात १५ स्पर्धक गेले, २४ बोटी लोकांनी सोडून दिल्या. वजन पौंडांत घ्यायचं, ६४ ने भागायचं, त्याचं घनमूळ काढायचं आणि फुटांतल्या रुंदीला त्याने भागायचं. उत्तर २ च्या खाली आलं तर बरं. तुमची सेंटॉर १.७९, दुसरी २.३२.

पण या सूत्रात फक्त रुंदी आणि वजन आहे. वजन कुठे ठेवलंय ते त्याला माहीतच नाही. उद्या कीलचं सगळं बीड काढून डोलकाठीच्या टोकाला टांगलं तरी उत्तर १.७९ च येईल! बॅलास्ट रेशोचं, म्हणजे एकूण वजनात तळाच्या भारवजनाचा वाटा किती त्याचं, तसंच. बॅलास्ट किती ते कळतं, किती खोल ते नाही. शंभर बोटींच्या यादीतून वीस गाळायला हे ठीक. दोन बोटींत निवड करायला नाही.

मागायचा तो जीझेडचा आलेख, म्हणजे कुठल्या कोनाला बोटीला सरळ करणाऱ्या तरफेचा हात किती लांब उरतो ते, आणि त्यातही एव्हीएस. म्हणजे तो कोन, ज्याच्या पलीकडे गेलेली बोट परत येत नाही, पालथीच होते. त्या वादळात सगळ्यात लहान गटातून एकच बोट शर्यत पुरी करू शकली, असेंट नावाची काँटेसा ३२. त्या जातीचा एव्हीएस १५५ अंशांच्या आसपास. अशी बोट पालथी घातली तरी पुढच्या लाटेच्या धक्क्याने उठते. ११० अंशांवाली रुंद बोट पालथी झाली की परातीसारखी तशीच तरंगत बसते.

सेंटॉर सीईच्या नियमांच्या आधीची, तिला पाटीच नाही. दुसरीला 'सी' आहे, म्हणजे फोर्स ६ आणि २ मीटरपर्यंतच्या लाटा. 'सी'ला ९० अंश पुरतात. 'बी' गटाचा साधारण नियम १३० मधून वजनाच्या किलोंचे ०.००५ पट वजा, पण ९५ पेक्षा कमी नाही. तुमच्या दोन टनी बोटीला १२० अंश लागले असते. बोट हलकी तेवढा जास्त कोन मागतात, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. आणि पाटीवरचा गट कील खाली असतानाचा की वर, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

लाटेचं लिहायचं राहिलं. जेवून येतो.

कुलाबेवाली

मेटकाका जेवून येईपर्यंत माझे दोन पैसे. जड, लांब कीलची जुन्या वळणाची बोट म्हणजे उलटणारच नाही, असं कोणी समजू नये. अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोबमध्ये, म्हणजे एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत होते. त्यांची 'थुरिया' गोव्यात बांधलेली, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ३२ फुटी 'सुहैली'ची प्रतिकृती. मूळ सुहैली तर आमच्या मुंबईतली, सागवानाची. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात थुरिया पूर्ण ३६० अंश फिरली, डोलकाठ्या गेल्या, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला, आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. त्याच वादळात ग्रेगर मॅकगकिन यांची बिस्के ३६ जातीची बोट पण फिरली. दोन्ही बोटी भरभक्कम.

पण बघा, दोन्ही परत सरळ झाल्या. म्हणून माणसं वाचली.

पोर्ट्समथकर

मेटकाका, कुलाबेताई, खूप आभार. एक गोष्ट कळली नाही. मी वाचलं की डोलकाठी मोडलेली बोट लाटेत *जास्त* सहज उलटते, कारण वरचं वजन गेलं की तिला फिरवायला कमी जोर लागतो. मग वर वजन असणं चांगलं की वाईट? विचारायचं कारण, या सेंटॉरच्या काठीवर आधीच्या मालकाने रडार बसवलंय, आणि पुढचं शीड गुंडाळून वरच राहणारं आहे.

मालवणी_मेट

दोन्ही खरं. लाटेचा तडाखा क्षणाचा असतो, आणि त्या क्षणी काठीचं जडत्व बोटीला फिरू देत नाही. पण ते काम पहिल्या फटक्यापुरतं. पुढे बोट किती कोनातून परत येईल हे गुरुत्वमध्य किती खाली आहे त्यावर ठरतं. आणि पालथी झालीच तर तेच रडार सगळ्यात खाली लटकून तिला पालथंच धरून ठेवतं. काठी ठेवायचीच आहे, तेवढं जडत्व पुरे. वर आणखी सामान चढवू नये.

हिशोब साधा आहे. समजा रडार १० किलोचं, गुरुत्वमध्यापासून ६ मीटर वर. बोट ३,००० किलो. साठ भागिले तीन हजार, म्हणजे गुरुत्वमध्य २ सेंमी वर आला. गुंडाळलेलं शीड समजा १५ किलो, ५ मीटरवर, ते आणखी अडीच सेंमी. उभ्या बोटीत हे जाणवणार नाही. ९० अंशांवर मात्र पूर्ण साडेचार सेंमी जीझेडमधून जातात. तिथे तो समजा ३० सेंमी होता, तर सातवा हिस्सा गेला. मी असतो तर रडार मागच्या बुटक्या खांबावर आणलं असतं. लांबच्या फेरीआधी पुढचं जड शीडही काठीवरून उतरवून केबिनमध्ये खाली ठेवलं असतं.

घरच्या घरी बघायचं तर शांत पाण्यात दोर सैल सोडा, कडेवर पाय देऊन बोट झुलवा, आणि दहा हेलकाव्यांचे सेकंद मोजा. रडार काढल्यावर पुन्हा मोजा. जहाजाचं सूत्र छोट्या बोटीला नीट लागू पडत नाही, आणि वेळ जडत्वानेही बदलते, म्हणून त्यातून जीएम काढत बसू नका. पण रेंगाळत डुलणारी बोट रेंगाळायची थांबली की हाताला कळतं.

आता लाट. साउदॅम्प्टन विद्यापीठाने फास्टनेटनंतर टाकीत मॉडेलं ठेवून बघितलं. लाटेला आडव्या उभ्या बोटीवर तिच्या लांबीच्या ३० टक्के उंचीची *फुटणारी* लाट आली तर काही पालथी झाली. ६० टक्क्यांना एकही टिकली नाही, आकार कुठलाही असो. तुमची २६ फुटी म्हणजे ७.९ मीटर. ३० टक्के झाले २.४ मीटर. न फुटणारी २.४ मीटरची लाट आली तर बोट वर चढून खाली उतरते, काही होत नाही. तिचा माथा फुटायला हवा.

आणि त्यासाठी महासागर लागत नाही. चिचेस्टर हार्बरच्या तोंडाशी दक्षिणेचा जोराचा वारा आणि समोरून ओहोटी असली की तिथल्या उथळ पट्ट्यावर अशाच लाटा फुटतात. घरापासून तासाभरावर! तिथे वाट बघा, भरती लागू द्या, नाहीतर सोलंटमध्ये परत फिरा. सोलंटच्या पश्चिम तोंडाशी नीडल्स खडकांजवळ शिंगल्स नावाच्या उथळ पट्ट्यावरही तेच. शेरबूरपेक्षा मला तुमची काळजी त्या दोन जागांची जास्त वाटते.

राहता राहिलं आतलं. फास्टनेटमध्ये सोडलेल्या २४ पैकी १९ बोटी नंतर तरंगताना सापडल्या. पण बऱ्याच ठिकाणी दाराच्या फळ्या निसटून पाणी आत आलं होतं. सेंटॉरची ती फळी उचलून बघा, बोट पालथी धरली तर सुळकन बाहेर पडेल. आतून-बाहेरून उघडेल अशी खिट्टी लावा. कॉकपिटच्या बाकांच्या झाकणांना कडी हवी. बॅटरीला पट्टा आहे का ते हात घालून हलवून बघा, नुसतं विचारू नका. तिच्या खिडक्या मोठ्या आहेत, रबर जुनं असेल तर बदला. आणि कीलचे बोल्ट सर्व्हेयरकडून.

पोर्ट्समथकर

फळी उचलून बघितली. एका बोटाने निघाली. बॅटरी नुसती लाकडी खोक्यात ठेवलीय. रडारचं मालकाला विचारलं, त्याने ते काढून घ्यायची तयारी दाखवली, वर किंमतही थोडी उतरवली. सर्व्हेयर पुढच्या आठवड्यात येतोय. दुसरी बोट सोडली.

मालवणी_मेट

बरं केलंत. खिट्टी पितळी नको, स्टेनलेसची घ्या, आणि फळीला दोरी बांधून आत अडकवा, म्हणजे निघाली तरी समुद्रात जाणार नाही. सर्व्हेयर कीलखाली शिरेल तेव्हा तुम्हीपण शिरा, कपडे जुने घाला.