हात उगारणाऱ्या पोराला यंत्रासमोर बसवायचं का?

खानापूरचा मास्तर
गेल्या महिन्यात आमच्या नववीतल्या पोरानं सोबत्याच्या डोक्यात स्टंप घातला. सात टाके पडले. पालकांच्या बैठकीत एकानं सुचवलं: समुपदेशक शोधत कुठं हिंडता, फोनमधलं एआय मराठी बोलतं, रोज अर्धा तास पोराला त्याच्यापुढं बसवा. बऱ्याच जणांना पटलं. मला पटलेलं नाही.

शिकागोच्या शाळांत ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा उपक्रम चालतो. त्यात पोरांच्या जोड्या लावतात. एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्यानं तीस सेकंदांत तो मिळवायचा. पोरं बोटं पिरगळतात, जमिनीवर लोळतात. मग त्यांना विचारतात, ‘चेंडू देतोस का, असं कुणी म्हणून बघितलं?’ बहुतेकांच्या ते डोक्यातच आलेलं नसतं. मुलांची निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी करून अभ्यास झाले. उपक्रम चालू असेपर्यंत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका जवळपास निम्म्यावर आल्या. समोर दुसरं पोरगं असल्याशिवाय हा धडा होणारच नाही.

अमेरिकेतच मल्टिसिस्टेमिक थेरपी आहे, म्हणजे बिघडलेल्या पोराबरोबर त्याच्या सगळ्या घरावर काम करणारा उपचार. एका थेरपिस्टकडे चार ते सहाच कुटुंबं. तो घरी येतो, रात्री-अपरात्री फोन उचलतो, तीन ते पाच महिने सोबत राहतो, आणि बरंचसं काम आईवडिलांबरोबर करतो. यंत्राला कळते ती फक्त पोराची बाजू. स्टंप घालणाऱ्यानं मला सांगितलं, ‘त्यानं आईवरून शिवी दिली.’ ते खरं होतं. पण हाच महिनाभर त्या सोबत्याचा डबा हिसकावून घेत होता, हे मला वर्गातल्या मुलींनी सांगितलं.

शहापूरची आई
सर, तुमचं बरोबर असेल. पण तो घरी येणारा माणूस बेळगावात कुठं आहे तेवढं सांगा.

माझा मुलगा सोळाचा. टीव्ही फोडला, एकदा माझ्यावर हात उगारला. समुपदेशनाला नेलं. बाई चांगल्या होत्या, पण कन्नड नाहीतर इंग्रजी बोलायच्या. त्याला दोन्ही भाषा येतात, शाळेपुरत्या. त्याला राग येतो तो घरच्या भाषेत. तीनदा गेलो, तिन्हीदा तो चपलांकडं बघत बसला.

मग एका रात्री दीड वाजता त्यानं फोनमधल्या एआयला लिहिलं, ‘बाबाला मारावं असं वाटालंय.’ उत्तर आलं की आत्ता त्या खोलीत थांबू नकोस, मोकळ्यावर जा, घरातल्या मोठ्या माणसाला उठव. तो गच्चीवर गेला आणि त्यानं मला उठवलं. दीड वाजता दुसरं कोण जागं होतं?

उद्यमबागचा फिटर
ताई, त्या रात्री पोरगं गच्चीवर गेलं हे देवाचे उपकार. तरी माझं ऐका.

आमच्या कारखान्यात कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग, उचलून सीएनसीत, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनमध्ये, लावायला रोबोटचा हात आहे. त्याला माझा विरोध नाही, आमच्या कमरा वाचल्या त्यानं. पण त्याच्याभोवती जाळी आहे. जाळीचं दार उघडलं की हात जागच्या जागी थांबतो. 1979 मध्ये अमेरिकेत फोर्डच्या कास्टिंग कारखान्यात अशाच यंत्राचा मार बसून एक कामगार गेला होता. लोखंड उचलणाऱ्या हाताला जाळी लागते, मग पोराच्या मनात शिरणाऱ्या यंत्राला का नको? इलिनॉय राज्यानं ऑगस्ट 2025 मध्ये एआयकडून थेरपी देण्यावर बंदी घातली, ती उगाच नाही.

आणि ते एआय होला हो करतं. भावाशी बांधावरून भांडण झालं तेव्हा रागाच्या भरात मी सगळं त्याला लिहिलं. तुमचा राग स्वाभाविक आहे, म्हणालं. मी आणखीनच पेटलो. शेजारच्या म्हाताऱ्या आक्कांनी मात्र विचारलं, ‘बांध आधी कुणी कोरला?’ आणि तो मीच कोरला होता.

कडोलीचा शेतकरी
एवढी चर्चा कशाला? आमच्या वेळी छडी होती आणि पोरं सरळ होती. अशा पोराला एकदा हिंडलग्याच्या जेलमध्ये फिरवून आणा. डोळ्यांनी बघितलं की बसेल गप.

खानापूरचा मास्तर
दादा, हे करून झालंय. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात 1970 च्या दशकात पोरांना कैद्यांपुढं उभं करून घाबरवायचे. पुढं अशा कार्यक्रमांची नीट तुलना झाली, तेव्हा न नेलेल्यांपेक्षा नेलेल्या पोरांकडूनच जास्त गुन्हे घडल्याचं दिसलं. आणि छडी तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंद केली. छडी खाल्लेली माझ्या वर्गातली सगळीच पोरं काही सरळ झाली नाहीत, त्यातली दोन अजून माझ्या जिवाला लागून आहेत.

धारवाडची विद्यार्थिनी
मी मानसशास्त्र शिकते, माहेर निपाणी.

माणूस यंत्रापाशी मन मोकळं करतो हे नवीन नाही. 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ वायझेनबाम यांनी एलायझा हा प्रोग्राम मांडला. तो समोरच्याचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा. तरी त्यांच्याच सेक्रेटरीनं त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, तिला त्याच्याशी एकटीनं बोलायचं होतं. म्हणून ताईंच्या मुलाला मी दोष देणार नाही. पण रागाच्या खाली कधी नैराश्य असतं, कधी नशा, कधी घरातला मार. ते ओळखायला माणूसच लागतो. यंत्राचा उपयोग दोन भेटींच्या मध्ये: राग कधी आला, त्याआधी काय झालं, हे लिहून ठेवायला.

मनाच्या त्रासासाठी सरकारी टेलि-मानस या फोनसेवेचा 14416 हा नंबर 2022 पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास, आणि भाषा निवडता येते. दीड वाजतासुद्धा. कर्नाटकात मनोचैतन्य योजनेत ठरलेल्या मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ तालुका इस्पितळात येतात. तारीख आधी विचारून जा. अजून एक, कळवळून सांगते: सोळा ते अठरा वयाच्या मुलाकडून अतिगंभीर गुन्हा घडला तर 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. तोवर थांबू नका.

शहापूरची आई
तो नंबर मला माहीत नव्हता. फ्रिजवर लिहून ठेवला. फोन मात्र मी काढून घेणार नाही, आत्ता तरी नाही.

खानापूरचा मास्तर
नका घेऊ, ताई. तुमच्या दीड वाजताच्या रात्रीला माझ्याकडं उत्तर नव्हतं, हे मी कबूल करतो. आमच्या पोराला मात्र मी येत्या मंगळवारी इस्पितळात नेणार आहे. डॉक्टर कन्नडमध्ये बोलले तर मी बाजूला बसून मराठीत सांगेन. वडिलांनाही चला म्हटलंय. अजून हो म्हणालेले नाहीत.

शहापूरची आई
ते नाही आले तर आईला न्या. आमच्या घरचेही एकदा आले नाहीत. आणि सर, ज्याला सात टाके पडले त्या पोराशी कोण बोलतंय? इतक्या जणांनी लिहिलं, त्याचं कुणीच विचारलं नाही.

खानापूरचा मास्तर
मीही नाही. उद्या संध्याकाळी त्याच्या घरी जातो.