मदत हवी आहे: चायनीज मेडिसिनच्या छोट्या क्लिनिकसाठी सुरुवातीला कुठले फॉर्म्युले ठेवायचे?

नमस्कार मंडळी, मी कॅलिफोर्नियात अ‍ॅक्युपंक्चर करते, इथल्या लायसन्समध्ये हर्ब्जही येतात, आणि आता स्वतःचं क्लिनिक सुरू करतेय. जागा कमी आणि ग्रॅन्युल्सना (हर्ब्जच्या अर्काचे दाणे) एक्स्पायरी, त्यामुळे मोजकेच फॉर्म्युले (हर्ब्जची ठरलेली मिश्रणं) पण पक्के माहिती असलेले ठेवावेत असं मला मनापासून वाटतं.

माझा कल असाय की ज्याच्यातून पुढचे बनतात ते आधी घ्यायचे. म्हणजे ग्वेई झी तांग घ्या, दालचिनीच्या काड्या, बाय शाओ (पांढऱ्या पिओनीचं मूळ), आलं, लाल खजूर आणि ज्येष्ठमध, बस पाचच गोष्टी, त्यात बाय शाओ दुप्पट करून माल्टोज घातलं की पोटदुखीसाठीचं श्याओ ज्यान झोंग तांग झालं! (आणि ग्वेई झी तांग प्यायल्यावर वरून गरम पातळ भाताची पेज प्यायला सांगतात हे प्राचीन चिनी वैद्य झांग झोंगजिंगने जवळपास 1800 वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, मला ते फार आवडतं.) तसंच ची म्हणजे शरीरातल्या ऊर्जेसाठी स जुन झी तांग, रक्तासाठी स वू तांग, दोन्ही मिळून बा झेन तांग. शिवाय श्याओ याओ सान, अर चेन तांग, ल्यू वेई दी हुआंग वान.

अडलंय ते श्याओ चाय हू तांगवर, ठेवू का? आणि ज्येष्ठमधाने बीपी वाढू शकतं, तर बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर पेशंटना ज्येष्ठमधवाले फॉर्म्युले देताना तुम्ही काय करता, डोस कमी की सरळ टाळता? वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांना दांग ग्वेई (चिनी अँजेलिकाचं मूळ) मी देणारच नाही. प्रॅक्टिसमध्ये असलेल्यांनी प्लीज सांगा.