दार उघडलं, पण किती?
गुणवत्ता असली की दारं आपोआप उघडतात, समावेशकता वगैरे नंतरची फॅशन, असं मत ऐकू येतं, ते मला अर्धंच पटतं. गुणवत्ता हवीच, त्यावर वाद नाही. पण गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या, म्हणजे पोट-आतड्यांच्या वैद्यकशास्त्राच्या, इतिहासात लिओनिडास बेरी यांचं उदाहरण आहे. शिकागोचे हे कृष्णवर्णीय डॉक्टर 1946 मध्ये मायकेल रीस हॉस्पिटलच्या स्टाफवर आले, त्यांच्या वर्णाचे तिथले पहिलेच. मात्र वरिष्ठ अटेंडिंगचा, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण बघणाऱ्या वरिष्ठ डॉक्टरचा, दर्जा मिळायला 1963 उजाडलं. मधल्या काळात हा माणूस काही हातावर हात ठेवून बसला नव्हता. 1955 चा एडर-बेरी गॅस्ट्रोस्कोप त्यांच्याच नावाचा. जठराच्या आत बघता बघता तिथल्याच उतीचा तुकडा काढता येईल अशी ती नळी, म्हणजे बायोप्सीसाठी पोट उघडायची गरज नाही. आता याहून वेगळी गुणवत्ता ती कोणती दाखवायची?

आणि स्वतःला जागा मिळाली म्हणून ते गप्प बसले नाहीत, हे मला जास्त मोठं वाटतं. 1970 मध्ये डॉक्टर-नर्सेसची तुकडी घेऊन ते विमानाने इलिनॉयमधल्या केरो गावी तपासणी करायला गेले. वांशिक तणावाने पोळलेलं गाव होतं ते. तरी दार किती हळू उघडलं ते बघा: अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट सेडी करी यांचं प्रशिक्षण पूर्ण झालं 1972 मध्ये. बेरींच्या त्या नळीनंतर सतरा वर्षांनी.