जुन्या गाडीची पेट्रोल टाकी: मूळ भाग जपायचे की बदलायचे?

लाल डिलाइट, म्हापसा
आमच्याकडे १९६८ची फियाट ११०० डिलाइट आहे, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. बूटमध्ये (डिकीत) पेट्रोलचा वास यायचा म्हणून सध्या तिची टाकी उतरवली आहे आणि घरात, मित्रांत दोन तट पडलेत. माझं मत सांगतो. पत्रा शाबूत असेल तर टाकी मूळचीच ठेवावी, पण पेट्रोलला लागणारं रबर, बुचाचं गॅस्केट, वॉशर, नळ्या हे सगळं काढून टाकावं. दिसायला ठणठणीत असलं तरीही.

कारण पेट्रोलच बदललंय. फेब्रुवारी २०२३मध्ये ई-२० आलं आणि आता आपल्या पंपांवरही तेच मिळतं. त्यात २० टक्के इथेनॉल. जुन्या नळ्यांचं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं आणि मग चिरतं. वरून हात फिरवला तर काही कळत नाही, आतून सुटलेले काळे कण थेट कार्बोरेटरच्या बारीक भोकात, म्हणजे जेटमध्ये, जाऊन बसतात. शिवाय टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर इथेनॉल सोडवून काढतं. त्यामुळे ई-२० भरल्यावर सुरुवातीला फिल्टर सारखा चोंदतो आणि लोक पंपवाल्याला शिव्या घालतात.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणासकट लिहावं.

मूळ रंग, मडगाव
मला पटत नाही. गाडी जुनी म्हणजे तिचे भाग जुने. आज नळी, उद्या सेंडर (टाकीतलं पेट्रोल मोजून काट्याला सांगणारा भाग), परवा झाकण, असं करत गेलात तर तुमच्याकडे १९६८चा फक्त पत्रा उरेल. आणि बदलून लावता काय? बाजारात मिळणारी गॅस्केटं पाहिलीत का? ‘फियाटला बसतं’ म्हणून देतात, भोकं जुळत नाहीत, आणि पेट्रोल लागलं की बिस्किटासारखी विरघळतात. त्यापेक्षा जुनं रबर किती तरी इमानी.

शिवाय २०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ या व्हिंटेज गाड्यांच्या मालिकेतला नंबर मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी. तुमची गाडी त्यात बसते. असे बदल करून ती संधी का घालवता?

पेडणेवाली
मूळ रंग काका, तो नियम नीट वाचा. त्यात अट आहे चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार नसण्याची. टाकीची रबरी नळी त्यात कुठेच येत नाही. आणि व्हीए नोंदणीला २०,००० रुपये भरल्यावर गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला काढता येते. रोज पणजीला कामावर न्यायची परवानगी नाही. लाल डिलाइट भाऊ गाडी चालवतात, म्हणून त्यांचा प्रश्न आधी सुरक्षेचा आहे. बूटमध्ये पेट्रोलचा वास येतोय आणि आपण मूळपणावर बोलतोय, हे मला झेपत नाही.

फोंड्याचा फिटर
मी दोघांच्याही विरुद्ध. टाकीच फेकून द्या. स्टेनलेसची नवी बनवून घ्या, त्याच मापाची.

गोव्यात जुनी टाकी आतून कशी असते ते मी रोज बघतो. जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये, टाकी अर्धी. वरच्या रिकाम्या भागात दमट हवा, रात्री गार झाली की पत्र्यावर पाणी सुटतं, आणि गंज वरून खाली उतरत येतो. बाहेरून रंग चकचकीत, आत चाळणी. तुम्ही लोक मग एपॉक्सीचा लेप ओतता. पत्रा पूर्ण कोरडा आणि गंजमुक्त नसेल तर तो लेप पापडासारखा सुटतो आणि सालपटं पिकअप पाइपच्या, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या, तोंडाशी जाऊन बसतात. गाडी चोर्ला घाटात बंद पडते. मग आठवण कोणाची? फिटरची.

आणि एक कळकळीची विनंती. कोणीही रिकामी टाकी वेल्डरकडे तशीच नेऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. नुसतं धुऊन ती वाफ जात नाही, गंजाच्या खपल्यांत पेट्रोल मुरून राहतं. टाकीचं काम रोज करणारा माणूस असेल तरच हात लावू द्यावा.

लाल डिलाइट, म्हापसा
फिटर भाऊ, वेल्डिंगचं शंभर टक्के खरं. टाकीचं नाही. माझ्या टाकीत दिवा सोडून पाहिलं, गंज वरवरचा आहे. दिवा म्हणजे अर्थात बॅटरीवरचा छोटा एलईडी, तोही टाकी पूर्ण सुकवल्यावर. असा गंज फॉस्फोरिक आम्लाने निघतो. चांगला पत्रा फेकून नवा बनवायचा याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. मूळचे साचे, मूळचे सांधे परत कुणी करून देणार नाही. चाळणी झालेली टाकी असेल तर तुमचं म्हणणं लागू, सरसकट नव्हे.

मूळ रंग, गॅस्केटं भिकार मिळतात हे कबूल. म्हणून तर तयार घेऊ नये. फ्लुओरो रबराची शीट आणून जुन्याच्या मापाने कापून घ्यावी. महाग पडते, पण इथेनॉलला टिकते. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवतोय. उद्या कुणाला गाडी मूळ रूपात हवी तर सगळं परत बसेल.

डिचोली रोड
झाकणाकडे कुणी बघितलं का? ज्या टाकीला वेगळी हवेची नळी नाही, तिच्या झाकणातच बारीक भोक असतं. दुसऱ्या गाडीचं घट्ट झाकण लावलंत तर टाकीत पोकळी तयार होते, पंपाला पेट्रोल ओढता येत नाही आणि गाडी काही अंतर जाऊन थांबते. झाकण उघडलं की फुस्स करून हवा आत जाते आणि गाडी पुन्हा सुरू. लोक मग कार्बोरेटर खोलत बसतात! झाकण मूळचंच ठेवा, या एका बाबतीत मी मूळ रंगांच्या बाजूने.

नळ्या मात्र बदलाच, आणि पंपाचा डायफ्रामसुद्धा. इंजिनवरच्या मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला तर गाडी त्याच क्षणी बंद करावी.

पेडणेवाली
पावसाळ्याचं कोणी बोलेल का? आमचे बाबा म्हणायचे, मिरग लागायच्या आधी टाकी काठोकाठ भर, म्हणजे आत हवाच राहणार नाही. आता ई-२० पाणी ओढतं, मग भरून ठेवायची की रिकामी करायची?

फोंड्याचा फिटर
रिकामी. आणि पूर्ण सुकवून, बंद करून.

मूळ रंग, मडगाव
रिकामी ठेवलीत तर बुचाचं गॅस्केट सुकून आकसतं आणि पत्रा उघडा पडतो. भरूनच ठेवा, आणि पंधरवड्यातून एकदा तरी गाडी बाहेर काढून पेट्रोल संपवत, नवं घालत राहा. पाणी जमतं ते पडून राहिलेल्या पेट्रोलात. चालती गाडी सडत नाही, हे मी आधीपासून सांगतोय.

सेंडरबद्दल माझं मत कायम आहे, तो बदलू नका. आतली बारीक तार तुटली असेल तर तीच परत गुंडाळून घेता येते, आणि पितळी फ्लोट गळत असला तर झाळून मिळतो. बाजारातला सेंडर लावाल तर रेझिस्टन्स मीटरशी जुळणार नाही, काटा अर्ध्यावर आणि टाकी कोरडी.

लाल डिलाइट, म्हापसा
सेंडर मान्य, तोच ठेवतो. पण नव्या गॅस्केटमुळे आणि टाकीच्या ताज्या रंगामुळे त्याचं अर्थिंग तुटू शकतं, म्हणून एका स्क्रूखाली वेगळी वायर काढून चासीला जोडतोय. ती मूळची नाही, आणि ती मी काढणारही नाही.