एसीपी प्रद्युम्न गेले आणि ज्यांना हसू आलं त्यांच्यासाठी

खळ्यातली खुर्ची

'सीआयडी' मालिकेत एसीपी प्रद्युम्न मेल्याचा भाग लागला आणि काल 'चाकरमानी ठाणेकर' यांनी इथे दोन ओळी टाकल्या. "गावाकडे लोकांनी प्रद्युम्नच्या फोटोला 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून स्टेटस ठेवलेत. दार मोडणं म्हणजे तपास, असं मानणाऱ्या मालिकेसाठी कसले रडताय, त्यापेक्षा काजू फोडायला बसा." दोनच ओळी, पण रात्रभर डोक्यात. सकाळी बागेत काजू पडून आहे, तो तसाच टाकून लिहायला बसलोय. होऊ दे नुकसान.

मालिका सुरू झाली १९९८ च्या जानेवारीत. तेव्हा आमच्या वाडीत दूरदर्शनपलीकडे काही दिसत नव्हतं. केबल बाजारपेठेपर्यंत येऊन थांबलेली. आमच्याकडे डिशची छत्री बसली ती बऱ्याच वर्षांनी, तीही एकट्या काकांच्या घरी. शुक्रवारी रात्री जेवणं आटपून आम्ही वीसेक माणसं त्यांच्या ओटीवर, आणि ज्यांना आत जागा नाही ते खळ्यात उभे राहून खिडकीतून. पावसात नेमकं गुन्हेगाराचं नाव सांगायच्या वेळी लाईट जायची. खुनी कोण, ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत कळायचं, कारण बाजारात लाईट असायची. कंडक्टरसुद्धा आधी खुनी सांगायचा आणि मग तिकीट फाडायचा.

दार मोडणं आम्हालाही हास्यास्पद वाटायचं हो. मालिकेतल्या इन्स्पेक्टर दयाने दाराला खांदा लावला की आमची आजी म्हणायची, "कडी तरी बघ रे आधी." हसतच बघायचो. पण बघायचो. २००४ साली याच लोकांनी १११ मिनिटांचा अख्खा भाग एका सलग शॉटमध्ये केला होता, तेव्हा नावं ठेवणारे कुठे होते?

आता या भागाबद्दल. राग आहेच, पण तो माणूस मेला म्हणून नाही. ज्याने नोकरीपायी स्वतःच्या पोराला, नकुलला, गोळी घातली, त्या माणसाला शेवट दिला तो खलनायक बार्बोझाच्या बॉम्बचा! त्यातही बातमी आधी फुटलेली. मग वाहिनीने काळ्या चौकटीतला फोटो टाकला, खाली १९९८–२०२५. आमच्या मावशीला वाटलं, प्रद्युम्नचं काम करणारे शिवाजी साटमच गेले. तिने कणकवलीला फोन करून माहेरच्या साटमांकडे चौकशी केली. त्यांनाही काही ठाऊक नाही. तासभर दोन घरांत सुतक.

हसायचं असेल तर त्या फोटोला हसा. आम्हाला नको.

चाकरमानी ठाणेकर

बरं झालं, कोणीतरी मोठं उत्तर दिलं. पण मुद्दा चुकला. याच मालिकेत फ्रेडीचं काम करणारे दिनेश फडणीस २०२३ च्या डिसेंबरात खरोखर गेले. हाडामांसाचा मराठी माणूस. तेव्हा तुमच्या वाडीत किती स्टेटस होते? खोट्या एसीपीला हार आणि खऱ्या माणसाला दोन मिनिटं नाहीत. मी हसलो ते यालाच.

आणि एसटीतल्या आठवणी सांगून मालिका चांगली ठरत नाही. आठवण तुमची चांगली आहे, मालिका भंगार आहे.

खळ्यातली खुर्ची

फडणीसांचा स्टेटस मी ठेवला होता. तुम्ही तेव्हा माझे स्टेटस बघत नव्हता, एवढंच.

झिलग्या

ठाणेकरानु, एक इचारू? भंगार आसा म्हणतास, मगे भाग बघलास कित्याक?

चाकरमानी ठाणेकर

बायको बघते. घरात एकच टीव्ही आहे.

झिलग्या

हां. म्हणजे खिडकीतून बघणारे तुमीव.

सडा आणि सिग्नल

सगळे उगाच भांडताय. हा माणूस परत येणार. टीव्हीवर बॉम्बने मेलेला कधीच पुरता मरत नाही. नवा एसीपी आयुष्मान थोडे दिवस चालवतील, लोक शिव्या घालतील, मग म्हातारा दाढी वाढवून कुठून तरी उगवेल. पैज लावा. डझनभर बांगडे.

चाकरमानी ठाणेकर

लावली. वाहिनीनेच श्रद्धांजली वाहिल्यावर परत कुठून येतोय? बांगडे मोठे हवेत.

निवृत्त ठाणे अंमलदार

सगळं वाचलं. चौतीस वर्षं खाकीत काढली, त्यातली बरीच किनाऱ्यावर. म्हणून दोन गोष्टी.

एक. एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, हे पद आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात नाहीच. पोलीस आयुक्तालय असेल तिथेच एसीपी. आपल्याकडे त्या जागी उपविभागीय अधिकारी, म्हणजे डीवायएसपी. जिल्ह्यातल्या मोठ्या गुन्ह्याला धावते ती एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा. राज्याचं खरं सीआयडी पुण्यात बसतं, आणि तिथली माणसं दारं मोडत नाहीत, कागद वाचतात. महिनोन् महिने.

दोन. मालिकेतला तो डॉक्टर साळुंखे. प्रेतावरची चादर उचलली की "रात्री दहा ते बारा". अहो, खाऱ्या पाण्यात दोन दिवस राहिलेलं प्रेत कोणी बघितलंय इथे? ओठ, कान, पापण्या आधी खेकडे-मासे खातात. जखम माणसाने केली की माशाने, हे टेबलावर घेतल्याशिवाय डॉक्टरही छातीठोक सांगत नाही. मग व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, बरणीत घालून, सील करून प्रयोगशाळेकडे. आमच्या वेळी शिपाई बरणी मांडीवर घेऊन एसटीने मुंबईला कलिन्याच्या प्रयोगशाळेत जायचा. बाजूचा प्रवासी विचारायचा, लोणचं काय?

या मालिकेने आमचं एक मोठं नुकसान केलं. प्रत्येक नातेवाईक येऊन म्हणायचा, "साहेब, बोटांचे ठसे घ्या." भरतीने तीनदा धुतलेल्या होडीवर ठसे!

सडा आणि सिग्नल

लोणच्यावर हसून ठसका लागला.

खाडीपलीकडची

मला नाही हसू आलं.

माझा मामेभाऊ. नऊ वर्षं झाली. चौघं रात्री होडीने जाळं टाकायला गेले, तिघं परत आले. हा दुसऱ्या दिवशी कांदळवनात, चिपीच्या झाडांत अडकलेला सापडला, ओहोटी लागल्यावर. कपाळावर खोक. तिघं म्हणाले, तोल गेला, काठावर आपटला असेल. अकस्मात मृत्यू नोंदला. व्हिसेरा गेला. अहवाल यायला चौदा महिने, आणि कागदावर तोवर एकच ओळ, मृत्यूच्या कारणाबाबत अभिप्राय राखून ठेवला आहे. पुढे त्या ओळीचं काय झालं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. मामा चौकीवर जाऊन जाऊन थकला. दरवेळी साहेब बंदोबस्ताला.

मामी तेव्हापासून ही मालिका बघायची. तिला कथा पुरती कळायची नाही, हिंदी तर अर्धीच. तिला एसीपीचं ते बोटं फिरवत "तू रात्री कुठे होतास" असं विचारणं बघायचं असायचं. प्रत्येकाला विचारायचा ना तो! मालकाला, नोकराला, बायकोला. आमच्या त्या तिघांना वेगवेगळं बसवून कोणी एकदासुद्धा विचारलं नाही.

परवाचा भाग संपल्यावर मामी म्हणाली, "आता नवो सायब इलो, तो जुनी केस उघडतलो काय?"

तुम्ही लोणच्याचा विनोद सांगितलात. तसल्याच एका बरणीची आम्ही चौदा महिने वाट बघितली.

निवृत्त ठाणे अंमलदार

ताई, वाईट झालं. पण एकाच बाजूने बोलू नका. माझ्या बीटात बावीस गावं आणि आम्ही दोघं. त्यात गणपती, शिमगा, निवडणूक, मंत्र्याचा दौरा. पंचनाम्याला दोन पंच लागतात. किनाऱ्याला प्रेत लागलं की अख्खी वाडी बागेत पळते, कारण कोर्टाच्या खेपा कोणाला नकोत. त्या तिघांबद्दल गावात कुजबुज असेलच ना? जबाबात ती कोणी सांगितली? आमच्यासमोर सगळे "माका काय म्हायत नाय". आम्ही काय हवेतून आरोपी आणू?

खाडीपलीकडची

पंच म्हणून माझ्या वडिलांनी सही केली. पळाले नाहीत. मेलेला त्यांच्या मेव्हण्याचा मुलगा होता आणि ते चिखलात गुडघाभर उभे राहून तुमच्या माणसाला टॉर्च धरत होते. कोर्टाच्या खेपांची भीती होती म्हणे. नऊ वर्षांत एक समन्स नाही आलं, कारण कोर्टापर्यंत काही गेलंच नाही. कुजबुज कोणी सांगितली? मामाने सांगितली, आधल्या आठवड्यात पैशांवरून झालेल्या भांडणासकट. लिहून घेणाऱ्याने जबाबात घातली नाही. "ऐकीव आहे," म्हणाला. ऐकीव गोष्ट तपासायची कोणी, आम्ही?

बावीस गावांचं मला सांगू नका. आमचं एकच गाव होतं.

चाकरमानी ठाणेकर

धागा मालिकेवर होता. वैयक्तिक दुःखाचा आदर आहे, पण प्रत्येक चर्चा अशी वळली तर…

खळ्यातली खुर्ची

ठाणेकर, जरा थांबा. माझा धागा आहे, वळू दे.

झिलग्या

मी येक बोलतंय, राग नको. ह्या सगळ्या मालिकांन आमची वाट लावली. कोणी कॅमेरो घेऊन कोकणात इलो की वाडो दिसलो तर भूत आणि विहीर दिसली तर प्रेत. 'रात्रीस खेळ चाले' मालिकेतल्या आकेरीच्या त्या वाड्याचा आठवता मां? लोकां एसटी भरून फोटो काढूक येयत. माझ्या घराक विहीर आसा. पस्तीस वर्षां पाणी पितंव, येक बेडूक सोडलो तर तेच्यात कोण मेलो नाय. पावणो इलो की पयलो वाकून बघता!

मुंबयच्या माणसाक हय फक्त दोनच गोष्टी दिसतत. मासे आणि मुडदे.

चाकरमानी ठाणेकर

मुंबईच्या माणसाला? अहो, माझं घर चिपळुणात आहे. २००५ आणि २०२१, दोन्ही पुरांत बुडालं. मला कोकण शिकवू नका. तुमच्या भुतांच्या मालिकेत मालवणी ऐकायला मिळते म्हणून टाळ्या वाजवणारे तुम्हीच. आता विहिरीचं वाईट वाटतंय?

झिलग्या

टाळ्यो वाजवलंय. कबूल. भाषेसाठी वाजवलंय, भुतासाठी नाय.

सडा आणि सिग्नल

अंमलदार काका, खरं सांगा, तुम्ही स्वतः ही मालिका बघायचात की नाही?

निवृत्त ठाणे अंमलदार

बघायचो. रात्रपाळीला ठाण्यात जुना टीव्ही होता, अँटेनाला वायर बांधून भिंतीवर खिळ्याला अडकवलेला. केबलवाला शेजारचा, जोडणी फुकट दिली होती. का दिली, ते विचारू नका. एकदा लॉकअपमधला एक दारूडा आतून ओरडला, "साहेब, नोकराने केलंय." बरोबर निघालं त्याचं. सकाळी सोडताना मी त्याला चहा पाजला.

ताईंना एवढंच. तुम्ही सांगता तसं असेल, तर त्या तिघांना वेगळं बसवायला हवं होतं. पहिल्याच रात्री, ओले असताना. एकमेकांशी बोलायला मिळालं की जबाब एकाच साच्यातले येतात. ते झालं नसेल तर चूक आमच्या माणसांचीच. मी त्या ठाण्यात नव्हतो, पण असतो तर बसवलं असतं, असं म्हणायलाही आता जीभ रेटत नाही. कारण अशा किती होड्या मीही "तोल गेला" म्हणून लिहून टाकल्या, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही.

शवविच्छेदनाचा अहवाल, मरणोत्तर पंचनामा आणि प्रयोगशाळेचा अहवाल, तिन्हींच्या प्रती लेखी मागा. तोंडी मागितलं की साहेब बंदोबस्ताला असतात. नाही दिल्या तर माहितीचा अधिकार. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

खाडीपलीकडची

दोन मागितल्यात. तिसरा मागितला नव्हता. मामाला सांगते.

लोणच्याचं मात्र पुन्हा कोणाला सांगू नका.

निवृत्त ठाणे अंमलदार

नाही सांगणार.

चाकरमानी ठाणेकर

काजूचं वाक्य मागे घेतो. फक्त काजूचं. बाकी मालिका भंगार होती, आहे आणि नव्या एसीपीसकट राहील. आणि ताई, तुमच्या मामींना हसलो नव्हतो मी. मला माहीतच नव्हतं.

खळ्यातली खुर्ची

एवढं तरी मिळालं. माझा काजू मात्र दुपारपर्यंत तसाच पडून होता, निम्मा माकडांनी नेला. त्याची भरपाई ठाणेकरांकडून घेणार आहे.

सडा आणि सिग्नल (पाऊस लागल्यावर)

धागा वर काढतोय. ठाणेकर, कुठे आहात? आले ना साहेब परत? बॉम्ब पचवून, ताठ मानेने! डझनभर बांगडे. मोठे.

झिलग्या

माझ्या आजयेन देवाक गूळ-खोबरा ठेवल्यान. येक दारबी तुटला म्हणतत.

चाकरमानी ठाणेकर

वाहिनीने श्रद्धांजली वाहिलेला माणूस परत आणणं ही फसवणूक आहे, ग्राहक मंचात जायला हवं. पैज मान्य. पण आता मासेमारी बंदी चालू आहे, होड्या वर काढल्यात. सुके चालतील?

सडा आणि सिग्नल

सुके चालणार नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर घेईन. ताजे हवेत, ठाण्याहून बर्फात घालून आणलेले नकोत.