मदत हवी आहे: रेझिनच्या घोड्याचे पाय चिकटत नाहीत आणि चिपचिप पण जात नाही (अर्जंट)

खाडीपलीकडचा
नमस्कार मंडळी, रेझिनचं मॉडेल पहिल्यांदाच जोडतोय आणि पार अडकलोय. घोडेस्वार आहे, घोडा मागच्या दोन पायांवर उभा, पाय वेगळे, स्वार वेगळा, भाला वेगळा. गणपतीच्या आराशीत विजयदुर्गचा देखावा करतोय त्यात ठेवायचाय. पाय धडाला चिकटतच नाहीत, ग्लू लावून रात्रभर ठेवलं तरी सकाळी हात लागला की गळून पडतात. वर घोडा हाताला चिकट लागतो, साबणाने घासला तरी तसाच. भाला पण वाकडा आलाय. गणपती तोंडावर आलेत, काय लावू ते लवकर सांगा.

रंगारी_कुडाळ
ग्लू म्हणजे नक्की कुठला? आणि रेझिन साच्यात ओतलेलं आहे की थ्रीडी प्रिंट? ओतीव असेल तर साच्यातून सुटायला लावलेलं तेलकट रसायन अंगावर राहतं, ते कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश यांनी जातं. प्रिंटचं प्रकरण वेगळं. सांध्याचा जवळून फोटो टाक.

होडीवालो
हार्डनर कमी पडलो हा रे. आमी होड्यांका फायबर मारतो, पावसात हार्डनर वायच वाढवक लागता नायतर अशीच चिपचिप रवता. शंभराक दीड-दोन धर आणि वरसून परत एक हात मार, सकाळपर्यंत खडखडीत.

रंगारी_कुडाळ
नको नको, असं काही करू नकोस. होडीचं रेझिन पॉलिएस्टर, ते हार्डनर मिसळल्यावर धरतं. प्रिंटच्या रेझिनमध्ये हार्डनर नसतोच, ते अतिनील प्रकाशाने घट्ट होतं. वरून हार्डनर फासलास तर नुसता राडा होईल.

खाडीपलीकडचा
ग्लू म्हणजे प्लास्टिकच्या विमानाचं किट केलं होतं तेव्हाचा उरलेला, त्याने विमान मस्त जोडलं गेलं होतं. प्रिंटच असणार, अंगावर बारीक रेघा आहेत. ऑनलाइन एका जणाकडून मागवलाय. फोटो चढत नाहीये, रेंज नाही आणि लाईट सकाळपासून जातेय येतेय. ग्लू कुठला आणू तेवढं सांगा ना.

रंगारी_कुडाळ
तो ग्लू पॉलिस्टायरीन प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. रेझिन त्यात विरघळतच नाही, म्हणून नुसता वर सुकतो आणि सुटतो. तुला सुपरग्लू पाहिजे, फेव्हिक्विक चालेल, किंवा दोन ट्यूबवाला अराल्डाइट. पण चिकटपणा घालवल्याशिवाय कुठलाच लावू नकोस, ओल्या रेझिनवर काहीही धरत नाही.

अबोली_ताई
दादा, माझ्या नणंदेच्या पार्लरमधला जेल नेलपॉलिशचा दिवा आम्ही प्रिंटसाठी वापरतो. त्यातल्या बऱ्याच दिव्यांचा प्रकाश ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, प्रिंटच्या रेझिनला तोच लागतो. फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी दाखवा. आणि हातात नायट्रिलचे ग्लोव्हज घाला, कच्चं रेझिन अंगाला लागून खाज सुटते, एकदा ॲलर्जी झाली की पुढे नेहमीच होत राहते.

कातळशिल्पी
दिवा-बिवा कशाला, उन्हात ठेव. काचेच्या बरणीत पाणी भरून त्यात बुडवून ठेव. पृष्ठभागावरचं रेझिन हवेतल्या ऑक्सिजनमुळे नीट धरत नाही, पाण्यात ती अडचण जवळपास राहत नाही. मी सगळे असेच करतो.

अबोली_ताई
ऊन कुठून आणायचं सांगा आता? श्रावण असला तरी इथे चार दिवस सूर्य नाही. ढगातून येतं थोडं, पण किती वेळ ठेवायचं कळत नाही आणि जास्त झालं तर रेझिन पिवळं पडून ठिसूळ होतं, मग भाल्याचं टोक पहिलं तुटणार.

कातळशिल्पी
जास्त तर दिव्यानेही होतं. आणि दोघांनीही धुण्याचं सांगितलंच नाही. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग ऊन नाहीतर दिवा. मेडिकलमध्ये ७० टक्केवालं मिळतं त्यात पाणी असतं, मोबाईल रिपेअरवाल्याकडे ९९ टक्केवालं बघ. धुतलेलं अल्कोहोल मोरीत किंवा पऱ्ह्यात ओतू नकोस, माशांना घातक आहे. भांडं उघड्यावर उन्हात ठेव, रेझिन घट्ट होऊन खाली बसेल, ते गाळून काढ.

गुराब१६५७
विषय थोडा वेगळा आहे पण राहवत नाही. विजयदुर्गच्या देखाव्यात घोडेस्वार कशासाठी? तो आरमाराचा किल्ला, आंग्र्यांचं ठाणं, १७५६ ला इंग्रज आणि पेशवे मिळून चालून आले ते. तिथे गुराब आणि गलबतं दाखवा. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, पुढे तोफा. गलबत छोटं, वल्ह्यांवरही चालणारं. मुलांना घोडा सगळीकडे बघायला मिळतो, आपलं आरमार कुठे दिसतं?

खाडीपलीकडचा
दादा किल्ल्यात शिबंदी होती, घोडा दाराशी उभा करणार आहे. ते नंतर बोलू, आधी पाय चिकटवू दे. अल्कोहोल आणलं, धुतलं, शेजारच्या पार्लरमधून दिवा पण आणला. पाय कोरडे झाले पण धड परत चिकट झालं. आता काय?

सुतारपक्षी
मी म्हणतो रेझिन हवंच कशाला घरात. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात, पांगाऱ्याच्या लाकडात घोडा कोरून घ्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. गणपतीपुढे प्लास्टिक ठेवायचं मला पटत नाही.

अबोली_ताई
काका, त्यांच्याकडे घोडा आलेला आहे आणि गणपती दारात आहेत. आता लाकूड कधी कोरणार?

रंगारी_कुडाळ
@खाडीपलीकडचा, चिकटपणा सगळ्या धडावर आहे की ठरावीक जागी? आणि घोडा वजनाला कसा लागतो, भरीव की पोकळ? पोटाखाली कुठे भोक आहे का?

खाडीपलीकडचा
पोटाखाली आणि पाय बसतात त्या खाचेत. काल खाचेतून एक थेंब पण आला, मला वाटलं धुतलेलं पाणी. भोक कुठेच नाही. हलवला की आत काहीतरी सरकल्यासारखं वाटतं.

रंगारी_कुडाळ
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. घोडा आतून पोकळ छापलाय आणि निचऱ्याचं भोक ठेवलेलं नाही, त्यामुळे कच्चं रेझिन आत कोंडलंय आणि खाचेच्या बारीक फटीतून झिरपतंय. वरून कितीही दिवा दाखव, ते येतच राहणार, आणि तसंच रंगवलंस तर पुढे कधीतरी अंग तडकतं. खोगिराखाली एक आणि पोटाखाली एक अशी २-३ मिलिमीटरची दोन भोकं पाड, दोन म्हणजे एकातून हवा जाईल आणि दुसऱ्यातून रेझिन येईल. हाताने फिरवायचं ड्रिल घे, सोनाराकडे असतं. विजेचं नको, गरम होऊन रेझिन फाटतं. रेझिन निथळू दे, मग इंजेक्शनच्या सिरिंजने आत अल्कोहोल मारून स्वच्छ पाणी दिसेपर्यंत... पाणी म्हणजे अल्कोहोल, ते स्वच्छ येईपर्यंत धू. एक रात्र उलटा ठेवून वाळव, त्यानंतर भोकापाशी दिवा धर. अल्कोहोल ओलं असताना दिवा लावू नकोस आणि जवळ समई-निरांजन नको.

कातळशिल्पी
हे बरोबर. सांधे घासायचे असतील तर ४०० आणि मग ६०० चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घास, कोरडी धूळ नाकात जाऊ देऊ नकोस. एन९५ मास्क धुळीला पुरतो, वासाला नाही, त्यासाठी खिडकी उघडी ठेव.

अबोली_ताई
आणि पाय त्याच प्रिंटच्या रेझिनचा थेंब लावून दिव्याखाली धरलात तर सुपरग्लूची गरजच नाही.

रंगारी_कुडाळ
ताई, खाचेच्या आत प्रकाश पोचणार नाही, कडेला घट्ट आणि आत परत कच्चं, म्हणजे तीच कटकट पुन्हा. वरची फट बुजवायला मात्र ते छान.

अबोली_ताई
आमचे तर टिकलेत, पण आमचे हात-पाय बारीक होते, हा घोडा जड आहे हे खरं.

रंगारी_कुडाळ
म्हणूनच नुसत्या ग्लूवर सोडू नकोस, अख्खं वजन दोन पायांवर आहे. पायात आणि धडात १ मिलिमीटरचं भोक पाडून आत तार घाल. समोरासमोर यावं म्हणून पायाच्या भोकावर रंगाचा ठिपका दे आणि धडावर दाब, जिथे उमटेल तिथे पाड. यूट्यूबवर पेपरक्लिप सांगतात.

होडीवालो
लोखंडाची तार घालू नको. आमच्या खाऱ्या हवेत गंज फुगता आणि फोडून टाकता. पितळेची नायतर स्टेनलेसची घाल. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गळाक लावतत ती स्टीलची तार मागून घे, जेटीवर मिळता.

रंगारी_कुडाळ
हे एकदम मुद्द्याचं. तीच घे.

खाडीपलीकडचा
भोकं पाडली. चमचाभर हिरवट रेझिन निघालं आतून! धुऊन वाळवतोय. स्टीलची तार मिळाली. भाला गरम पाण्यात धरून सरळ केला आणि गार पाण्यात बुडवला, राहिला सरळ. आता सुपरग्लू लावल्यावर कडेला पांढरी भुकटी का येतेय?

कातळशिल्पी
दमट आणि कोंदट हवेत सुपरग्लूची वाफ आसपास बसते, त्याचं ते. ग्लू टाचणीच्या टोकाने अगदी थोडा लाव आणि पंखा लांबून चालू ठेव. प्रायमर मारलास की झाकलं जाईल. ट्यूबचं झाकण लगेच लाव, नाहीतर ह्या हवेत ती आतल्या आत घट्ट होईल.

रंगारी_कुडाळ
फक्त प्रायमर स्प्रेचा मारणार असशील तर पावसाच्या झडीत मारू नकोस, फवारा उडताना हवेतली ओल पकडतो आणि खरखरीत पांढरट थर बसतो. ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर घे, दोन पातळ हात. सांध्याच्या फटी त्याआधी एम-सीलने भर, बोट ओलं करून गुळगुळीत कर.

खाडीपलीकडचा
ठीक. पाय बसले, घोडा उभा आहे, हलवला तरी हलत नाही. खोगिराचा रंग कुठला देऊ?

गुराब१६५७
त्याचा वेगळा धागा काढा, मी लिहितो तिथे. आणि पुढच्या वर्षी गुराब.